सोडून दिलेले मासे

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण जवळ आलं की खाणावळींच्या पाट्यांवर 'चिलापी फ्राय', 'चिलापी थाळी' दिसायला लागते. पाट्या इतक्या सराईत, की हा मासा भीमेत पुंडलिकाच्या काळापासून पोहत असावा असं वाटावं. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला आलेली पुण्याची मंडळी सकाळी होडीतून फोटो काढतात, दुपारी चिलापीवर लिंबू पिळतात आणि गावरान चवीचं कौतुक करत परततात. मासा मोझांबिकचा आहे.

पुस्तकात तिलापिया, भीमाकाठी चिलापी. आग्नेय आफ्रिकेतल्या नद्यांमधला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. आणणाऱ्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. देश नवा, अन्नाची ओढाताण, आणि हा मासा शेवाळ खातो, गाळ खातो, मिळेल ते खातो, घाण पाण्यात तगतो, भराभर वाढतो, तळ्यात आपोआप पिल्लं काढतो. कागदावर याच्याहून गुणी मासा शोधून सापडला नसता. सात वर्षांत गुण उमगले. १९५९ मध्ये मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. तेव्हा भिगवणजवळच्या, भीमेवरच्या उजनी धरणाचा पायासुद्धा घातला गेला नव्हता. बंदी फायलीत राहिली, मासा बादल्यांतून गावोगाव फिरत राहिला. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि आज त्या पाण्यात राज्य चिलापीचं आहे.

माझं आजोळ तिथलंच, इंदापूर तालुक्यातलं. आजोबांची नदीकाठची काळी जमीन धरणात गेली आणि वरचा मुरमाड तुकडा राहिला. मामा त्यावर ऊस करतात. त्यांचे शेजारी मात्र पिढीजात भोई. त्यांचं घर पाण्यावरच चालतं, आधी नदीच्या आणि आता धरणाच्या. मी त्यांना दादा म्हणते. माशांबद्दल मला जे कळतं त्यातलं निम्मं त्यांच्या होडीत बसून कळलेलं आहे.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं आणि पेपरात 'उजनी उणे' अशी बातमी येते. एकूण ११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालच्या पाण्यात, धरलेलं आहे, त्यामुळे उणे झालं तरी पाणी असतंच, फक्त काठापासून लांब लांब जातं. मागे राहिलेल्या गाळात गोल, उथळ खड्डे दिसतात. दीड-दोन वितीचे, एकाला एक खेटून, पार पाण्याच्या रेघेपर्यंत. ही चिलापीची घरटी. नर तोंडात गाळ भरून बाहेर टाकत टाकत खड्डा करतो आणि मध्ये राखण करत थांबतो. मादी येते, अंडी घालते आणि लगेच ती तोंडात भरून घेऊन निघून जाते. पुढचे दहा-बारा दिवस अंडी आणि मग पिल्लं तिच्या तोंडातच असतात. त्या काळात ती जवळपास उपाशी असते. पिल्लं बाहेर पडल्यावरसुद्धा काही हललं-वाजलं की परत आईच्या तोंडात शिरतात.

दादांनी एकदा जाळ्यातून काढलेल्या मादीचा जबडा अंगठ्याने हलकेच दाबला. त्यांच्या तळहातावर मोहरीपेक्षा जरा मोठे पिवळट मणी सांडले. काहींना डोळे फुटले होते, दोन-दोन काळे ठिपके. "बघा ताई, असं तोंडात घालून फिरती. पोरं मरतील कशाला?" दादा म्हणाले आणि हात पाण्यात बुडवून धुतला. मादी पाटीत गेली.

अशा आईपुढे बाकीच्या माशांनी काय करायचं? रोहू-कटला पुराच्या वाहत्या पाण्यात लाखो अंडी उधळून देतात आणि पुढचं पाण्यावर सोपवतात. धरणाच्या संथ पाण्यात त्यांचं ते जमत नाही, म्हणून दरवर्षी मत्स्यबीज आणून सोडावं लागतं. चिलापी वर्षातून अनेकदा विते, जेमतेम दोन-तीन महिन्यांची झाली की विण्याजोगी होते आणि दुसऱ्यांची अंडी-पिल्लं दिसली तर तीही गिळते. गर्दी फार झाली की मग चिलापीच खुरटते. तळहाताएवढ्या माशांनी जाळं भरतं, वजन होतं आणि पैसे होत नाहीत.

आता मजा अशी, की ज्यांची बाजू घेऊन आपण चिलापीला नावं ठेवतो ते रोहू आणि मृगळ तरी कुठे भीमेचे? ते गंगेकडचे. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाला पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यात अंडी घालायला लावली, आणि तेव्हापासून गंगेतल्या माशांचं बीज देशभरच्या तलावांत सोडणं सोपं झालं. ते शोधाचं काम मोठंच होतं, त्यावर लाखो लोकांची पोटं भरली. पण भीमेच्या माशांना विचाराल तर दोन्ही परके पाहुणेच. चिलापी जरा जास्त दांडगी निघाली एवढंच.

भीमेचे मासे म्हणजे कोणते, हे मला आजीमुळे माहीत आहे. तिच्या बोलण्यात मरळ होती, वाम होती, शिंगाडा होता. आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचं कालवण द्यायचं, ताप गेल्यावर तोंडाला चव येते म्हणायची. मरळ अजून मिळते, पण ती मिळाली की दादा फोन करून सांगतात, यावरून काय ते समजा. एक आणखी जुना दाखला आहे. १९४२ साली फ्रेझर नावाच्या इंग्रजाने पुण्याच्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. त्या यादीत तिलापिया असणं शक्यच नव्हतं, तो यायला अजून दहा वर्षं होती. आज मुळा-मुठेच्या पुलावरून खाली पाहावं. काळ्या पाण्यात तोंड वर काढून हवेसाठी धडपडणारं जे काही दिसतं, ते बहुतेक वेळा चिलापीच असते.

आणि इथे मला चिलापीची बाजू घ्यावीशी वाटते. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेत उतरतं, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा ते सगळं उजनीत नेऊन ओतते. दगडगोट्यांवरून खळाळणारं पाणी आपण अडवून संथ केलं. मग त्यात मैला सोडला. प्राणवायू गेला, शेवाळ माजलं. काठावर बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी आली, त्यांतून बोटभर पिल्लूसुद्धा सुटत नाही. वाहत्या पाण्यात वाढलेल्या माशांना यातलं काहीच मानवणारं नव्हतं. संथ, कोमट, शेवाळलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात आनंदाने संसार मांडेल असा मासा आपण बरोबर शोधून ठेवलेला होता. चिलापीने भीमा जिंकली म्हणतात. माझ्या मते भीमा आधीच हरलेली होती, चिलापी रिकाम्या घरात राहायला आली.

जलपर्णीचं हेच. मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली, जांभळ्या फुलांच्या मोहापायी १८९६ च्या सुमारास बंगालमध्ये आणली गेली, आणि १९३६ मध्ये बंगालला तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. फूल खरंच देखणं आहे. वरच्या पाकळीवर मोरपिसातल्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. पवना, इंद्रायणी, मुळा, दर उन्हाळ्यात हिरव्यागार होतात, डास होतात, ओरड होते, यंत्रं उतरतात, ट्रक भरून जलपर्णी निघते, बिलं निघतात. नायट्रोजन आणि फॉस्फरसने भरलेलं सांडपाणी तसंच येत राहतं. बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पुढच्या उन्हाळ्यात परत निविदा. पावसात उरलेले हिरवे तराफे वाहत खाली येतात आणि दादांच्या जाळ्यांवर बसतात. पुण्याच्या निविदेत त्या जाळ्यांचा उल्लेख नसतो.

या सगळ्यात सर्वांत निरागस दिसणारा पाहुणा म्हणजे गप्पी. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे शाळेच्या नि आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचत आपण लहानाचे मोठे झालो. गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा, १९०८ साली आला. त्याचा चुलतभाऊ गंबुशिया १९२८ मध्ये आणला, तोही डासांसाठीच. घरच्या हौदात, बंद टाकीत गप्पी सोडला तर माझी काही तक्रार नाही, हिवताप काय असतो ते ज्याने भोगलंय त्याच्याशी कोण वाद घालेल? पण ओढ्यात, विहिरीत, तळ्यात सोडल्यावर गंबुशिया फक्त डासांच्या अळ्या खाऊन थांबत नाही. बेडकांची अंडी, दुसऱ्या माशांची पिल्लंही खातो. आणि डासांच्या अळ्या खाणारे देशी मासे आपल्या ओढ्यांत होतेच की! कपाळावर चांदीचा चमचमता ठिपका असलेला एक बोटभर मासा पाण्याच्या वरच्या थरात फिरत अळ्या टिपतो. त्याच्या नावाची घोषणा कुठल्या भिंतीवर मी पाहिली नाही.

मांगूरबद्दल फार लिहीत नाही, त्याच्या बातम्या पुष्कळ येतात. आफ्रिकन मांगूर पाळायला २००० सालीच बंदी झाली, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा बजावलं, आणि तरी चोरून तळी होतात, कोंबड्यांची आतडी टाकून तो पोसला जातो, छापा पडतो, तळं बुजवलं जातं. पुरात अशा तळ्याचा बांध फुटला की मांगूर सरळ नदीत.

सकर मात्र जवळून सांगण्यासारखा आहे.

पहिल्यांदा पाहिला तो दादांच्या होडीत. जाळं ओढताना मध्येच तंगुसाचा, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचा गुंता आला आणि गुंत्यात काळपट, खरबरीत, हाताएवढं काहीतरी. अंगावर खवले नाहीत, हाडाच्या पट्ट्या. तोंड खालच्या बाजूला, गोल, चोखणारं. पाठीचा पर ताठ उभा आणि बाजूच्या परांना करवतीसारखे काटे. ते काटे तंगुसात असे अडकतात की मासा सोडवता येत नाही, जाळंच कापावं लागतं. दादांनी विळीने एकेक धागा तोडला. बारा हात जाळं फाटलं असेल. मासा काठावर फेकला. आम्ही परत फिरलो तेव्हा उन्हं कलली होती आणि तो तसाच पडलेला, कल्ले हलत होते. पाण्याबाहेर कित्येक तास तो जगतो, कारण पोटातून हवा घेऊ शकतो. जवळच बगळे उभे होते, एकही त्याच्या वाटेला गेला नाही. ते काटे घशाखाली उतरणार कसे?

"ना खवलं, ना बाजार. नुसतं चिलखत," दादा म्हणाले. "चिलापी निदान इकली तरी जाती. ह्याचं काय करायचं सांगा. आणि ह्यो तुमच्या पुण्याकडनंच आलाय म्हणत्यात."

खरंच आहे ते. सकर दक्षिण अमेरिकेतला. धरणात त्याला कुठल्या खात्याने आणलं नाही, कुठल्या योजनेत तो नव्हता. तो आला दिवाणखान्यांतून. मत्स्यपेटीच्या दुकानात बोटभर सकर मिळतो, काचेवरचं शेवाळ चाटतो म्हणून लोक हौसेने घेतात. वर्ष-दोन वर्षांत तो फूट-दीड फूट होतो, पेटीत मावत नाही, झाडं उपटतो. मारवत तर नाही. मग एखाद्या रविवारी मुलाला बरोबर घेऊन, पिशवीत पाणी भरून, पुलावर जायचं आणि त्याला 'मोकळं' करायचं. मुलगा टाटा करतो. मला वाटतं, या सगळ्या गोष्टीत जाणूनबुजून वाईट वागलेला माणूस मांगूरवाला सोडला तर कोणीच नाही. कुणी भुकेल्यांसाठी मासा सोडला, कुणी तापाने फणफणणाऱ्यांसाठी, कुणी फुलाच्या प्रेमाने, कुणी दयेने. सोडण्याचा क्षण दर वेळी पुण्यकर्माचाच असतो. म्हणून तर त्याला अडवायला कोणी धजत नाही.

'बाहेरचा' या शब्दावरून तापणाऱ्यांचंही मला फारसं पटत नाही. बटाटा, मिरची, टोमॅटो, सीताफळ, सगळं अमेरिका खंडांतून आलेलं. ज्या ज्वारीच्या भाकरीबरोबर आमच्याकडे चिलापीचं कालवण खातात ती ज्वारीही मुळात आफ्रिकेतली. जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाचा एक अहवाल २०२३ मध्ये आला. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या ३७ हजारांवर प्रजाती नव्या जागी रुजल्या आहेत आणि त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक अपायकारक आहेत, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे दहातला साधारण एक. ज्वारी शेतकऱ्याने पेरली नाही तर दोन हंगामांत शिवारातून नाहीशी होईल. चिलापीला कोणी पेरावं लागत नाही. पासपोर्ट कुठला आहे यापेक्षा हे विचारलेलं बरं, की आपण हात काढून घेतल्यावर ती चीज थांबते की पळत सुटते? अडचण अशी, की दहातला तो एक कोणता हे आधी सांगता येत नाही. १९५२ साली आलेल्या गुणी माशाचं प्रशस्तिपत्रक वर दिलंच आहे.

माझा मामेभाऊ म्हणतो, तुझं बोलणं पुण्यात ठीक आहे. त्याला धरणात पिंजरे टाकायचेत. सुधारित वाणाची 'गिफ्ट' तिलापिया आता अटींवर, परवानगी घेऊन पाळता येते. सगळे नर असलेलं बीज सोडायचं, म्हणजे प्रजा वाढत नाही. मी म्हटलं, पिंजरा फाटला तर? तो म्हणाला, धरणात चिलापी आधीच आहे, अजून काय होणार? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यानं ते ओळखलं. दादांना विचारलं तर ते आणखी सरळ बोलले. "चिलापी हाय म्हणून चूल पेटती. उद्या काढली सगळी, तर आमी काय रोहित पक्षी खायचे?"

काढता येणारही नाही. एवढ्या पाण्यातून एखादी प्रजाती वेचून काढणं ही कल्पनासुद्धा हास्यास्पद आहे. जाळ्याचा आस मोठा ठेवायला लावणं, विणीच्या दिवसांत मासेमारी थांबवणं, सांडपाणी शुद्ध करून सोडणं, इतकं झालं तर मरळ आणि शिंगाडा थोडे सावरतील. यातलं शेवटचं काम पुण्याचं आहे, आणि त्याचा ताप भिगवणला होतो, म्हणून ते रेंगाळतं. नवा मासा नदीत न पडू देणं त्यामानाने स्वस्तातलं काम. मत्स्यपेट्या विकणाऱ्या दुकानांनी मोठा झालेला मासा परत घेतला तरी पुष्कळ होईल. सकर विकताना तो किती वाढतो एवढं तरी सांगावं. मी एका दुकानात विचारून पाहिलं. मालक हसून म्हणाला, ताई, एवढं सांगितलं तर घेईल कोण?

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे असा एक सकर आहे. पेटीतले सोनमासे मेले, हा वाढतच गेला. शेपटी काचेला टेकायला लागली तेव्हा त्यांनी मला विचारलं, नदीवर कुठल्या बाजूने सोडलेला बरा, जिथे पाणी जरा स्वच्छ असेल असं? मी त्यांना दादांच्या फाटलेल्या जाळ्याचा फोटो दाखवला. बराच वेळ बोलले, जरा जास्तच बोलले असेन. वहिनी ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग काय करू? मारू का? तूच मार." ते काही मला जमलं नाही. मग त्यांच्या यजमानांनी गच्चीतला जुना पाण्याचा पिंप आडवा कापून गॅलरीत ठेवला, त्यात हवेचा पंप बसवला आणि वर जाळी टाकली. सकर आता तिथे आहे. वहिनी गावाला गेल्या की किल्ली माझ्याकडे असते आणि त्याला काकडीच्या चकत्या घालणं हे माझं काम. चकतीला चमचा टोचून बुडवावी लागते, नाहीतर ती तरंगते आणि त्याचं तोंड खाली असल्यामुळे त्याला मिळत नाही. खातो भरपूर. वाढतोही आहे. पिंप पुढच्या वर्षी पुरेल असं वाटत नाही.